वेलीचा काढा

वहिनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली ती भांडायलाच. खाली रखवालदारानं तिला अडवलं, तर तिनं त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा स्वतःच तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. वर येईपर्यंत तिला धाप लागली होती, पण तोंड थांबलं नव्हतं. तिच्या एका हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं आणि शिवणकाम करता करता तशीच उठून आल्यामुळे मोजायची टेप अजून गळ्यात लोंबत होती.

आत काचेच्या पेटीसमोर बसून बुटकी पेशींचं पाणी बदलत होती. बुटकी हे तिचं घरातलं नाव. शाळेत असताना दादानं ठेवलेलं, आणि पन्नाशी जवळ आली तरी सुटलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत, निदान तोंडावर तरी.

"हे तुझंच ना?" वहिनीनं दारातूनच वर्तमानपत्र उलगडून धरलं.

फोटोत पुढे सर होते, प्रयोगशाळेचे प्रमुख, हातात हिरवीगार वेल आणि ओठांवर नव्या नवरदेवासारखं हसू. त्यांच्या खांद्यामागून बुटकीचा फक्त भांग दिसत होता. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कुंपणावरची वेल करणार कॅन्सरवर मात.'

"डोकं माझं आहे," बुटकी म्हणाली. "चेहरा सरांचा."

"मस्करी ठेव बाजूला. औषध तुझ्याकडे आहे आणि तुझा सख्खा भाऊ खोकून खोकून अर्धा झालाय. लाज नाही वाटत? एक बाटली आणून द्यायला काय जातं गं तुझं?"

"वहिनी, ते औषध नाही. वेलीच्या मुळाच्या सालीतून काढलेलं एक रसायन आहे. अजून नुसती तपासणी चालू आहे."

"फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, असं लिहिलंय इथं."

"मरतात. काचेच्या डिशमध्ये. डिशमध्ये फिनेल ओतलं तरी मरतील. दादाला फिनेल पाजाल का?"

बोलून गेल्यावर बुटकीलाही वाटलं, हे जरा मऊ आवाजात सांगता आलं असतं. पण मऊ बोलणं या दोघींच्यात कधी नव्हतंच. वहिनीचा चेहरा लाल झाला. पलीकडच्या टेबलावरची माणसं कामात असल्याचं सोंग करून कान टवकारून बसली होती.

"मला ठाऊक आहे तू का देत नाहीस," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझ्या जिभेवरचं खरं करून दाखवायचंय तुला!"

आणि ती आली तशी पाय आपटत निघून गेली.

जिभेवरचं म्हणजे काय, ते बुटकीला चांगलं माहीत होतं. काही वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दादा गॅलरीत सिगारेटवर सिगारेट ओढत होता. बस डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला माणूस, दिवसभर डिझेलचा धूर आणि सुटल्यावर हा धूर. बुटकीनं सरळ जाऊन त्याच्या खिशातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांदेखत खाली भिरकावलं. "मरशील अशानं," ती म्हणाली होती. "आणि सुखानं नाही मरणार." दादा म्हणाला होता, "चार बुकं शिकलीस म्हणून माझी आई झालीस काय?" केक तसाच राहिला, पाहुणे पांगले, आणि येणंजाणं जे तुटलं ते तुटलंच. पुढे दादाच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा वहिनीनं नात्यागोत्यात एकच सांगितलं, बुटकीची काळी जीभ भोवली.

तर त्या दिवशी वहिनी गेल्यावर बुटकी पुन्हा पेटीसमोर बसली, पण तिनं एकाच डिशचं पाणी दोनदा बदललं. कारण तिनं वहिनीला एक गोष्ट सांगितली नव्हती.

गोष्ट उंदरांची होती. डिशमधलं यश बघून त्यांनी ते रसायन उंदरांना द्यायला घेतलं होतं. उंदरांच्या कातडीखाली माणसाच्या गाठीतल्या पेशी टोचायच्या, तिथे वाटाण्याएवढी गाठ धरली की रोज ठरलेल्या मापानं रसायन द्यायचं आणि गाठ मोजत राहायचं. गाठी आक्रसल्या होत्या. सरांनी तर त्या आनंदात सगळ्यांना कॉफी पाजली होती आणि त्याच भरात पत्रकाराला बोलावलं होतं. मग उंदीर कुबड काढून कोपऱ्यात बसायला लागले. अंगावरचे केस विस्कटले, खाणं सुटलं, आणि एकेक करत मेले. बुटकीनं त्यांची पोटं उघडली. जे यकृत गडद, तुकतुकीत असायला हवं ते फिकट, ठिपकेदार झालं होतं आणि चिमट्यात धरलं की भुसभुशीत विटेसारखं सुटत होतं.

"पहिल्याच खेपेचं काय घेऊन बसलात?" सर म्हणाले होते. "उंदीरच नाजूक आले असतील. दुसरी खेप करा. आणि तोवर या खोलीबाहेर एक शब्द नको."

यात चुकीचं काही नव्हतं. एका खेपेवरून कुणी निष्कर्ष काढत नाही, हे बुटकी स्वतःच नव्या मुलांना शिकवायची. म्हणून ती गप्प बसली. पण वहिनीसमोर गप्प बसताना नुसती शिस्तच आडवी आली होती असं नाही. या बाईला आपण कसलं स्पष्टीकरण द्यायचं, ही गुर्मीही होतीच.

दुसरी खेपही तशीच गेली. याही उंदरांच्या गाठी आक्रसल्या, आणि यांचीही यकृतं गेली.

त्याच सुमारास एके सकाळी कामावर येताना बुटकी रस्त्यात थबकली. शाळेच्या मागच्या भिंतीवर ती वेल वर्षानुवर्षं माजलेली होती. प्रयोगशाळेनं पहिले नमुने तिथूनच तर नेले होते. आता भिंत उघडी पडली होती. खाली माती उकरलेली होती आणि मुळं उपटून नेलेली होती. पुढच्या वळणावरच्या जाळीवरही तीच गत. एक म्हातारा पिशवीत उरलीसुरली मुळं भरत होता.

"कशाला हो?" बुटकीनं विचारलं.

"कॅन्सरवर. पेपरात आलंय की. वाचता येत नाही का?" म्हातारा खेकसला.

बुटकी तिथूनच माघारी वळली आणि दादाच्या घरी गेली. इतक्या वर्षांनी त्या दारासमोर उभं राहताना घंटी वाजवायला हात उचलेना, पण वास आधीच जिन्यात उतरला होता. कडू, मातकट वास. प्रयोगशाळेत सालीचा अर्क काढताना नाकात बसायचा तोच.

दार वहिनीनं उघडलं. "काय काम आहे?"

"दादा कुठंय?"

"जिवंत आहे. तुझी निराशा झाली असेल."

बुटकी तिला ओलांडून आत शिरली. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर चादर. एकेकाळी बसचं इंजिन एकटा हलवणारा गडी, आता गळ्याची हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं.

"काय गं बुटके, आलीस बघायला?"

"दादा, हा काढा बंद कर. आजपासून, आत्तापासून."

"खोकला कमी झालाय त्यांचा," वहिनी मागून म्हणाली. "भूक लागायला लागलीय. शेजारीपाजारी सगळे म्हणतात, तोंडावर तेज आलंय."

"तेज नाही ते, कावीळ आहे! यकृत जातंय त्याचं. उंदरांची गेली. दोन्ही खेपांची गेली. आणि आम्ही निदान तोलून मापून देत होतो. तुम्ही पातेल्यात मूठमूठ टाकताय. हॉस्पिटलात सांगितलंय का हे? केमोचं सलाइन चालू आहे ना त्याचं?"

दादानं नजर खिडकीबाहेर वळवली. तेवढ्यावरून बुटकीला उमजलं. "बंद केलंत? तिकडं जाणंच बंद केलंत?"

"उलट्या करून करून आतडी बाहेर यायची पाळी आली होती," वहिनी ओरडली. "केस गेले, चव गेली. ती सुई बरी आणि ही मुळी विष, होय? का, तर ती तुझ्या हातातून आली नाही म्हणून?"

दादानं हात वर करून तिला थांबवलं. मग बहिणीकडे वळून तो सावकाश म्हणाला, "बुटके, सिगारेट ओढलीस तर मरशील, असं म्हणालीस. आता हे प्यालास तर मरशील, असं म्हणतेस. तुझ्याकडे मला सांगायला दुसरं काही नाहीच का गं?"

बुटकी वळली. ती स्वयंपाकघरात गेली, गॅसवरचं पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. वहिनीनं मागून तिचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत दाराबाहेर काढलं आणि दार आपटलं. जिन्यात उभं असताना तिला आतून नळाचा आवाज ऐकू आला. वहिनी नवं पाणी भरत होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. "लोक वेली उपटून उकळून पितायत," ती म्हणाली. "पेपरात खुलासा द्या. आजच्या आज."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आपण कुठं कुणाला उकळून प्या म्हणालो? मूर्खपणाची जबाबदारी आपल्यावर नाही."

"फोटो तुमचा आहे, सर."

"हे बघा, परवा औषध कंपनीची माणसं येतायत. रसायनात थोडा बदल करून यकृताचा प्रश्न सोडवता येईल, मलाही दिसतंय ते. पण त्यासाठी हे काम चालू राहायला हवं. आज यकृत यकृत म्हणून बोंब मारली की ती माणसं दारातूनच परत जातील. तुम्ही गाठींचा आलेख दाखवा. यकृताचं पुढच्या टप्प्यात बोलू."

"आणि तोवर जे पितील ते?"

"तुमच्या घरातलं प्रकरण दिसतंय हे," सर थंडपणे म्हणाले. "घरची धुणी इथे धुवू नका."

म्हणजे वहिनीच्या तमाशाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बुटकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मूग गिळून बाहेर आली.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी तिनं गाठींचा आलेख दाखवला. रेघ खाली उतरत होती तसे समोरचे चेहरे उजळत होते. सर खुर्चीत रेलून बसले होते. "धन्यवाद, मॅडम," ते म्हणाले, आणि दिवे लावायला हात केला.

"अजून एक चित्र आहे," बुटकी म्हणाली.

पडद्यावर यकृतं आली. डावीकडे निरोगी, उजवीकडे ते. तिनं दोन्ही खेपांचं सगळं सांगितलं, शेवटी वेली उपटल्या जातायत हेही सांगितलं, आणि बसली. कंपनीतल्या एका वयस्क बाईनं दोन-तीन प्रश्न विचारले, नीट उत्तरं ऐकून घेतली आणि सरांकडे वळून विचारलं, "हे आम्हाला आधी का पाठवलं नाहीत?" सर हसले. त्या हसण्याला फोटोतल्या हसण्याची सर आली नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी बुटकीला कॉरिडॉरमध्ये गाठलं. इतकी वर्षं अहो-जाहो करणारा माणूस एका दमात अरे-तुरेवर आला.

"तू माझा गळा कापलास."

"गळे इथं रोजच कापले जातात, सर. आजवर फक्त उंदरांचे होते."

काळी जीभ ती काळीच. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल तळघराजवळच्या खोलीत हलवलं गेलं. आता तिथे तिनं बाहेरून येणाऱ्या पाण्याचे नमुने तपासायचे, आणि वेलीच्या कामाशी तिचा संबंध उरणार नव्हता. जुने सहकारी जिन्यात भेटले की बुटाची नाडी बांधायला वाकू लागले. तिनं त्या पत्रकाराला गाठून खुलासा द्यायला लावला. तो आला, आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, बोटभर.

दादानं तो वाचला की नाही, कोण जाणे. वाचला असला तरी त्यानंतर फारसा वेळ गेला नाही. एका दुपारी भाचीचा फोन आला. बाबा भलतंच बोलतायत, मला ओळखत नाहीत, आई त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेलीय.

बुटकी पोचली तेव्हा दादा पलंगावर हळदीसारखा पिवळा पडला होता आणि हवेत हात करून कुठला तरी पाना मागत होता. तरुण डॉक्टरीण वहिनीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "काही घेत होते का हे? बाहेरचं काही? मुळी, पावडर, काढा?" वहिनी भिंतीकडे बघत म्हणत होती, "नाही. काही नाही. पथ्याचं जेवण तेवढं."

"काढा घेत होता," बुटकी दारातून म्हणाली, आणि वेलीचं नाव, कुठला भाग, आत काय असतं, उंदरांच्या यकृतात काय दिसलं, ते सगळं भराभरा सांगत गेली. डॉक्टरीण ऐकता ऐकताच परिचारिकेला हाका मारू लागली. दोघींना बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये माणसं होती, चाकांच्या खुर्च्या होत्या, कुणाचं तरी मूल रडत होतं. वहिनी बुटकीसमोर उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"सगळ्यांसमोर मला खुनी ठरवलंस."

"डॉक्टरांना सांगायलाच हवं होतं. उपचार कशावर करायचे त्यांनी?"

"उंदरांचं म्हणालीस. यकृतं गेली म्हणालीस. हे कधी कळलं तुला? मी आले होते ना तुझ्याकडे. सगळ्यांसमोर फिनेल पाजणार का म्हणालीस. तेव्हा ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. एका खेपेला माहिती म्हणत नाहीत, असंही सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"होतं," बुटकी म्हणाली. "पहिल्या खेपेचं."

वहिनीनं तिच्या कानाखाली वाजवली. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेला हात होता तो. बुटकीचा चष्मा उडून एका खुर्चीखाली गेला. रडणारं मूलही थांबलं.

"नुसतं फिनेल म्हणालीस," वहिनी म्हणाली. "यकृत म्हणाली असतीस तर मी पातेलं चढवलंच नसतं. तुझा जीव गेला असता का तो एक शब्द बोलताना?"

बुटकी गुडघ्यावर बसून चष्मा शोधू लागली. म्हणाले असते तरी तुम्ही कुठं ऐकलं असतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. त्या घरात पातेलं ओतून दिल्यावर ही बाई नवं पाणी भरत होती. पण त्यावेळी फार उशीर झाला होता, आणि पहिल्या दिवशी तिनं ऐकलं असतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. चष्मा सापडला. एक काच तडकली होती. तिनं तो तसाच लावला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

दादा त्या खेपेला वाचला. यकृत हळूहळू सावरलं, डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. पण तोवर सलाइनचे वार हुकले होते आणि छातीतल्या गाठीनं हातपाय पसरले होते. डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. बरं होणार नाही, थोपवता येईल तितकं थोपवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दादानं मान हलवली आणि विचारलं, "डोकं ठिकाणावर राहील ना? मागल्या खेपेला मी म्हणे बस दुरुस्त करत होतो."

आता औषधाच्या दिवशी दोघी त्याच्याबरोबर जातात. ठरवून नाही. वहिनीच्यानं त्याला एकटीनं जिन्यावरून उतरवणं होत नाही आणि बुटकीला तळघरातून सुट्टी कुणीही आनंदानं देतं. एक काखेत डावीकडून हात घालते, दुसरी उजवीकडून, आणि दोघी त्याच्याशी बोलतात, एकमेकींशी नाही. दादाला याची गंमत वाटते. "दोन इंजिनं आणि दोन्हींचे गिअर उलटे," तो म्हणतो.

वेलीचं काम वर चालूच आहे म्हणे. कंपनीची ती वयस्क बाई परत आली होती, आणि रसायनातला यकृत खाणारा तुकडा छाटता येतो का, ते बघतायत. पुढेमागे त्यातून खरंच औषध निघेलही. बुटकीला कुणी काही सांगत नाही. शेवटी तिनं एकदा जिन्यात वाकलेल्या सहकाऱ्यालाच विचारलं, तेव्हा त्यानं नाडीकडे बघत एवढं सांगितलं.

मागच्या खेपेला दादा आत असताना त्या दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये एक गृहस्थ येऊन बसला. त्याची बायको आत होती. इकडच्या तिकडच्या गप्पा मारत त्यानं वहिनीला पिशवीतली पुडी दाखवली, तपकिरी पावडर. "वेलीची आहे," तो हळूच म्हणाला. "एकानं घरपोच आणून दिली. तुमच्या मिस्टरांना देऊन बघा. अगदी निर्धोक. झाडाचंच आहे शेवटी."

वहिनीनं पुडी हातात घेतली, वास घेतला आणि उठून उभी राहिली. मग तिनं जे तोंड सोडलं, ते कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. निर्धोक कुणी सांगितलं, झाडाचं म्हणजे काय अमृत, माझा नवरा पिवळा होऊन पडला होता, मला ओळखत नव्हता, यकृत म्हणजे काय कळतं का तुम्हाला, विटेसारखं भुसभुशीत होतं ते, दोन दोन खेपांचे उंदीर मेलेत! गृहस्थ पिशवी छातीशी धरून उठला. वहिनीनं पुडी त्याच्या हाताला लागू दिली नाही. ती बेसिनकडे गेली, नळ पूर्ण सोडला आणि पावडर शेवटच्या कणापर्यंत वाहून जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

परत येऊन ती आपल्या जागी बसली. बुटकी तिच्याकडे बघत होती.

"बघतेस काय?" वहिनी म्हणाली. "तो चाललाय लिफ्टकडे. घरी अजून असेल त्याच्याकडे. जा, तुझं ते शास्त्र सांग त्याला. आणि जरा माणसासारखं सांग."

बुटकी उठली आणि त्या गृहस्थाच्या मागे धावली.